उजेडासमोरचा शेकाट्या

पक्ष्यांचे फोटो काढणारे भेटले की एक सल्ला हमखास देतात: सूर्य पाठीशी ठेवा. मुंबईत खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला सकाळी गेलात तर तो पाळणं अवघड. खाडी पूर्वेला, पलीकडच्या काठावर ऐरोली, आणि सूर्य वर येतो तो तिथूनच, थेट डोळ्यांवर. जाणकार म्हणून दुपारनंतर जातात. मला मिळते ती रविवारची सकाळ, त्यामुळे माझ्या फोटोंत पाणी पांढरंफेक आणि पक्षी काळपट, हे ठरलेलं. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी ते फोटो बघून सांगितलं, "ताई, हे डिलीट करा. उगाच जागा अडवतायत." मी नाही केले. त्यातल्याच एका फोटोवरून या पावसाळ्यात शेकाट्या रंगवला. जलरंगात.

शेकाट्या मुंबईत दुर्मीळ नाही. मिठागरं, खाडीचा चिखल, सांडपाण्याची डबकी, जिथे उथळ पाणी तिथे तो. चोचीपासून शेपटीपर्यंत फूटभर किंवा थोडा जास्त, अंग पांढरं, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ, डोळा लाल आणि पाय गुलाबी. अंगाच्या मानाने इतके लांब पाय फ्लेमिंगो सोडला तर क्वचितच कुणाला असतील. नराच्या पंखांवर हिरवट चकाकी असते, मादीची पाठ तपकिरीकडे झुकते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, तेव्हापासून सगळे कॅमेरे गुलाबी थव्याकडे वळलेले असतात. शेकाट्याला कुणी विचारत नाही. मला ते सोयीचंच आहे. बांधाजवळ एकटीने उभं राहून त्याचं चालणं बघता येतं.

समोर बसून का रंगवलं नाही, असं मला विचारतात. समोर बसून स्केचेस करते मी, वहीत ढीग आहेत. पण शेकाट्या स्वस्थ उभा राहत नाही. दोन पावलं टाकतो, चोच बुडवतो, मान वळवतो, पुन्हा दोन पावलं. शिवाय खाडीचं वेळापत्रक वेगळं. ओहोटी पूर्ण लागली की पक्षी दूरवर चिखलात पांगतात आणि ठिपक्याएवढे होतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, तेव्हाच काय ती गाठ पडते, आणि मग तासा-दोन तासांत बसायला चिखलच उरत नाही. उधाणाच्या दिवशी तर फारच घाई. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, वाळेपर्यंत मॉडेल उडून गेलेलं असतं. पावसाळ्यात तर तिकडे पाऊल टाकायचीही सोय नाही. मग हिवाळ्यातले फोटो आणि घरातलं जेवणाचं टेबल.

फोटो दोन निवडले. एक माझा, उजेडाविरुद्धचा. दुसरा त्याच दादांचा: होडीतून, संध्याकाळच्या सोनेरी उन्हात, पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला. त्यात पापणीसुद्धा दिसते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "वापरा की. प्रदर्शनात लावलंत तर नाव तेवढं द्या." हे विचारणं मला महत्त्वाचं वाटतं. इंटरनेटवरून कुणाचाही फोटो उचलायचा, हुबेहूब उतरवायचा आणि खाली स्वतःची सही ठोकायची, हे हल्ली फार चालतं. फोटो काढणाऱ्याने त्यासाठी चिखलात पाय भिजवलेले असतात.

दादांचा फोटो फोटो म्हणून फार चांगला आहे. रंगवायला घेतला असता तर चित्र मेलं असतं, असं माझं स्पष्ट मत. ऊन समोरून पडलं की पांढरं अंग सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं, गोलाई नाहीशी होते, आणि मागचं कांदळवन लेन्सने पार पुसून हिरवा पडदा केलेला असतो. उरतो तो पिसांचा हिशेब. एकेक पीस मोजत बसलं की पक्षी ओळखता येतो, पण तो कुठे उभा आहे, किती वाजलेत, पाणी गार आहे की तापलेलं, काहीच कळत नाही. माझ्या भिकार फोटोत हे सगळं होतं. पक्ष्याची अंगरचना तेवढी नव्हती. म्हणून ठरवलं: हाडं दादांच्या फोटोतून घ्यायची, उजेड माझ्या.

हे बोलायला सोपं. दादांचा फोटो पाण्याच्या पातळीवरून, माझा बांधावरून, म्हणजे वरून खाली बघितलेला. वरून बघितलं की पाय थोडे आखूड दिसतात, पाठ जास्त दिसते आणि प्रतिबिंबात पोट जास्त येतं. एकाचे पाय दुसऱ्याच्या अंगाला जोडले तर पक्षी उभा न दिसता टांगलेला दिसतो. म्हणून आधी क्षितिजाची रेघ ठरवली, दादांच्या फोटोसारखी खाली, आणि माझ्या फोटोतून आकार एकही घ्यायचा नाही असं स्वतःला बजावलं. त्यातून फक्त कुठे किती गडद, एवढंच घ्यायचं. दोन्ही फोटो काळ्या-पांढऱ्यात छापून आणले. मोबाइलच्या पडद्यावरून रंगवू नये, कारण पडदा आतून उजळलेला असतो आणि कागद नसतो. पडद्याशी बरोबरी करता करता माणूस रंग नको इतके भडक करत जातो.

काळ्या-पांढऱ्या छापात एक गोष्ट उघडी पडली. पांढरा पक्षी पांढरा नव्हताच. पाण्यावरची चकाकी ही चित्रातली सर्वांत उजळ जागा, आणि त्या चकाकीपुढे शेकाट्याची छाती चक्क करडी. मागच्या कांदळवनाच्या पट्ट्यापेक्षा थोडीच उजळ. म्हणजे कागद कोरा सोडायचा तो पाण्यासाठी, पक्ष्याच्या अंगावर रंग चढवायचा. पांढऱ्या पक्ष्याचं अंग कोरं सोडायचं हे इतकं हातात बसलेलं असतं की मेंदूला हे पटवायला वेळ लागतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला आम्ही पोस्टर कलरमध्ये पांढरा कप पांढऱ्याच रंगाने रंगवायचो, ती सवय.

उजेडासमोर ठेवलेल्या वस्तूचा विषय निघाला की मला चित्रकार हळदणकर आठवतात. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, दिव्याच्या ज्योतीआड हात धरलेल्या स्त्रीचं चित्र. अनेकांना ते रविवर्म्याचं वाटतं. ते सावळाराम हळदणकरांचं आहे आणि तैलरंगात नाही, जलरंगात आहे. उजेड बोटांच्या आरपार येऊन बोटं लालसर पेटलेली दिसतात. शेकाट्याच्या पायांच्या बाबतीत मला नेमकं तेच हवं होतं, अर्थात आपल्या वकुबाप्रमाणे.

रेखाटनात सगळा वेळ पायांनी खाल्ला. लोक ज्याला गुडघा समजतात तो सांधा खरं तर घोटा आहे, म्हणून तो मागे वाकतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे डोक्यात नसलं की पाय काड्यांसारखे येतात, त्यांत चालण्याचा जोर नसतो. सांध्यापाशी पाय जरा जाड असतो, तेवढा फुगवटा द्यावा लागतो. पायाला बोटं तीनच, पुढची. मागचं बोट नाही. मधल्या आणि बाहेरच्या बोटामध्ये बारीकसा पडदा. माझ्या चित्रात बोटं पाण्याखाली होती, पण तरी पाऊल कुठे टेकलंय ते माहीत असावं लागतं. मी पोटाच्या मध्यातून एक उभी रेघ मारते आणि टेकलेलं पाऊल तिच्या आसपास आहे ना ते बघते. नसलं तर पक्षी पडतो, कितीही सुंदर रंगवा. मापं मात्र पाय मोजून घेतली नाहीत. दोन पायांच्या मधली रिकामी जागा, ती लांबट त्रिकोणी फट, तीच आधी काढली. रिकाम्या जागेबद्दल आपल्याला काही माहीत नसतं, त्यामुळे डोळा तिथे खोटं बोलत नाही. मग रेखाटनाचा मोबाइलवर फोटो काढून तो उलटा-सुलटा करून पाहिला. मानेचा बाक चुकला असेल तर तो असा लगेच दिसतो.

आता कागद. जुलैमध्ये मुंबईत जलरंग म्हणजे हवेशी भांडण. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कॉटन पेपर, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत, क्वार्टर शीट म्हणजे पाव ताव, ११ बाय १५ इंच. कपाटात ठेवलेल्या गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला आणि कडेला एक थेंब टाकून पाहिला तर थेंब लगेच आत झिरपला. म्हणजे साइझिंग गेलेलं. कागदावर जिलेटिन किंवा तत्सम द्रव्याचा जो हात असतो तो दमट हवेत हळूहळू खलास होतो. मग रंग वर तरंगत नाही, टिपकागदावर पडल्यासारखा बसतो आणि ठिपके उठतात. असे कागद मी फेकत नाही, रंग तपासायला ठेवते. खालचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून बंद केलेले, ठणठणीत निघाले. एक काढला, लाकडी बोर्डावर चारही बाजूंनी टेप मारली.

आधी पाणी आणि चिखल. चकाकीच्या जागा कोरड्या ठेवून बाकी कागद ओला केला, वरून कांदळवनाचा पट्टा सोडला: निळा अल्ट्रामरीन, थोडा मातकट पिवळा यलो ऑकर, नखभर तपकिरी बर्न्ट अंबर. खाली येताना तोच रंग पातळ. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि रवाळ पोत येतो. एरवी आकाशात तो नकोसा वाटतो, चिखलाला अगदी बेस. भांडुपचा चिखल तपकिरी नसतो, ओला असताना शिशासारखा करडा असतो आणि त्याच्यावर आभाळ पसरलेलं असतं. त्यामुळे चिखलात आभाळाचा रंग मिसळावाच लागतो.

हिवाळ्यात हा वॉश पंख्याखाली चटकन सुकतो. पावसाळ्यात वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आतून ओला असतो. अशा वेळी दुसरा हात दिला की पाणी आतल्या रंगाला ढकलतं आणि कॉलीफ्लॉवरसारखा कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघायची, गार लागला तर थांबायचं. हेअर ड्रायर मी लांबून फिरवते. जवळ धरला तर ओला रंग फुंकरीने सरकतो आणि कडा येतात. चहा, भाजी निवडणं, मुलाचा अभ्यास, सगळं याच मधल्या वेळात बसवलं.

मग पक्ष्याचं अंग. हीच खरी परीक्षेची जागा. उजेड मागून येत होता म्हणून डोक्यापासून पाठीपर्यंत, मानेच्या मागच्या कडेने, एक केसाएवढी रेघ कोरी राहायला हवी. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखायचं रबरासारखं द्रव्य, लावता आलं असतं, पण ते काढल्यावर कड सुरीने कापल्यासारखी कडक येते, आणि दमट हवेत कागदावर जास्त वेळ राहिलं तर काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. हातानेच सोडली. ब्रशचं टोक रेघेच्या आतल्या बाजूने चालवायचं, श्वास रोखून, आणि रेघ कुठे तुटली तर तुटू द्यायची. थोडी तुटलेली रेघच जिवंत दिसते.

आतलं करडं अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएनाचं, भरपूर पाण्यात. निळा जरा वरचढ. डोक्यापासून खाली एकाच हाताने ओढलं आणि ओलं असतानाच पोटाकडे कच्चा सिएना सोडला. पाण्यावरचा उजेड खालून पोटावर उसळतो, त्यामुळे पोट छातीपेक्षा उबदार आणि थोडं उजळ दिसतं. हे माझ्याच फोटोत होतं. दादांच्या फोटोत पोटाखाली नुसती सावली. हे चाललेलं असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, नीळ जास्त झाल्यासारखा दिसतोय गं तुझा पक्षी."

मी म्हटलं, "आई, वाळू द्या. अजून काळा यायचाय शेजारी."

जलरंग वाळल्यावर फिकट होतो, हे एक कारण. दुसरं, पांढरं किंवा निळं हे शेजाऱ्यावर ठरतं. पंखांचा गडद रंग शेजारी आल्यावर तेच निळसर करडं पांढरं दिसू लागतं. सासूबाईंना संध्याकाळी पुन्हा दाखवलं. "हं, आता धुतल्यासारखा दिसतोय," एवढं मिळालं.

पंखांना ट्यूबमधला काळा लावला नाही. तो सुकल्यावर काजळीसारखा मंद होतो. थॅलो ग्रीन आणि अलिझरिन क्रिमझन घट्ट मिसळले की जवळजवळ काळा होतो आणि मिश्रणात हिरवा थोडा जास्त ठेवला तर नराच्या पंखांवरची चकाकी आपसूक येते. अलिझरिन घेताना पर्मनंट असं लिहिलेला घ्यावा, जुन्या पद्धतीचा उजेडात उडतो. पंखांची पिसं मोजली नाहीत. लांब पिसांची टोकं शेपटीच्या पुढे येतात तेवढ्या दोन-तीन कडा नीट दाखवल्या, वरच्या बाजूला ओल्या ब्रशने रंग थोडा उचलून उजेड आणला, बाकी एक सपाट गडद आकार. दादांच्या फोटोत पंखांतला प्रत्येक थर दिसत होता आणि मोह होत होता. पण उजेडासमोरच्या पंखात ते दिसणार नाही. दोन फोटो वापरताना असंच होतं, जे दिसतंय ते सगळं घालावंसं वाटतं.

पाय शेवटी. रिगर ब्रश, लांब केसांचा, जहाजांच्या दोरखंडांच्या रेघा मारण्यासाठी केलेला. रद्दी कागदावर आधी खूप रेघा मारल्या. बोटांनी मारली की रेघ थरथरते, पूर्ण हात खांद्यापासून ओढला की सरळ येते. बोर्ड उलटा केला आणि पाण्यापासून सांध्यापर्यंत, मग सांध्यापासून पोटापर्यंत. रंग पर्मनंट रोझमध्ये थोडा कॅडमियम रेड, आणि सावलीच्या बाजूला त्यातच अल्ट्रामरीनचा अंश. सूर्याच्या बाजूची कड पातळ, नारिंगीकडे झुकलेली. चकाकीच्या पांढऱ्यावर ती कड आली तेव्हा पाय पेटल्यासारखे दिसले. मी उठून गॅलरीत गेले, नाहीतर अजून काहीतरी करायला हात गेला असता.

प्रतिबिंब पटकन उरकलं. जागेवरच पाणी मारून, पायांचा तोच रंग जरा मळवून, तुटक, वाकडा, खाली जाता जाता विरणारा. प्रतिबिंब मुळापेक्षा जास्त नेटकं असलं की काच वाटते, पाणी नाही. डोळा मात्र वेळ घेऊन केला. लाल बुबुळ, काळी बाहुली, आणि चमक अगदी अंधुक, कारण उजेड मागून आहे. समोरच्या उन्हातल्या फोटोसारखा लख्ख पांढरा ठिपका दिला असता तर एवढा मांडलेला उजेड त्या एका ठिपक्याने खोटा पाडला असता. पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घरात आहे. तो हातात घेतला नाही.

दादांना पाठवलं. त्यांचा निरोप आला: "चोच माझ्या फोटोतली आहे, ओळखली. बाकी कुठलं?" मी त्यांना तो डिलीट करायला सांगितलेला फोटो पाठवला. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला, आणि रात्री स्वतःचे काही जुने, उजेडाविरुद्धचे फोटो. त्यात एक टिलवा आहे, चिखलात चरणारा छोटा पक्षी, भरतीच्या कडेला, अर्धा धुक्यात. तो पुढे करायचा आहे.

फ्रेमवाल्याकडे मात्र वाद झाला. त्याने चित्र टेबलावर पसरून खालच्या बाजूला पट्टी ठेवली. "ताई, खाली एवढं रिकामं कशाला? माउंट इथपर्यंत आणू का? पक्षी मोठा दिसेल." माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. तो जे झाकायला निघाला होता ती चकाकी होती, एकही थेंब रंग न लागलेला कागद. त्याला म्हटलं, भाऊ, पैसे त्या रिकाम्याचेच देतेय असं समजा. हसला. माउंट बाहेर सरकवला, पांढऱ्याऐवजी मळकट हस्तिदंती घेतला, म्हणजे चित्रातलं पांढरं माउंटपुढे फिकं पडणार नाही. काच कागदाला टेकणार नाही एवढं अंतर ठेवायला सांगितलं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात आतून बुरशी धरते. आणि लावलं आहे ते आतल्या भिंतीवर. बाहेरच्या भिंतीला दर जुलैत ओल येते.